अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट: गणित, रायटिंग आणि रीडिंगची तयारी कशी करायची

कॉलेजात कोणत्या पातळीच्या वर्गापासून सुरुवात करायची हे प्लेसमेंट टेस्टवरून ठरतं. तीत कुणी नापास होत नाही, हे खरं आहे. पण त्याचा अर्थ ‘तयारी नको’ असा काढून लोक अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्टिंग सेंटरला जाऊन बसतात आणि थेट डेव्हलपमेंटल मॅथच्या वर्गात पोचतात. या वर्गाची फी पूर्ण भरावी लागते, क्रेडिट मात्र डिग्रीत धरले जात नाहीत. शिवाय गणिताची एक पायरी खाली गेलात की त्यावर अवलंबून असलेली केमिस्ट्री, अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स सगळंच एकेक सेमिस्टर मागे सरकतं.

बारावीला गणितात उत्तम मार्क असलेली माणसंही यात अडकतात. गणित येत नसतं असं नाही, हात सुटलेला असतो. दहा वर्षांत अपूर्णांकांची वजाबाकी कागदावर केलेली नसते. हा गंज काढायला रोज पाऊण ते एक तास दिला तर तीन-चार आठवडे पुरतात. नवं काही शिकण्यापेक्षा विसरलेलं योग्य क्रमाने आठवणं, एवढंच काम असतं.

आधी एक फोन: टेस्ट द्यायलाच हवी का?

पुस्तकं उघडण्याआधी कॉलेजच्या ॲडमिशन किंवा टेस्टिंग ऑफिसला विचारा. कॅलिफोर्नियात २०१७ साली एबी ७०५ हा कायदा मंजूर झाला. तो लागू झाल्यापासून तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत हायस्कूलचे मार्क हाच प्लेसमेंटचा मुख्य आधार आहे. जुन्या धर्तीची टेस्ट तिथे जवळजवळ उरलेलीच नाही. इतर राज्यांतही बरीच कॉलेजं ‘मल्टिपल मेझर्स’ पाहतात, म्हणजे हायस्कूलचा जीपीए (ग्रेडची सरासरी), सॅट किंवा ॲक्ट या प्रवेश परीक्षांचे गुण, आधीचे कोर्स. टेक्सासमध्ये सॅटला इंग्रजीत ४८० आणि गणितात ५३० असतील तर त्या-त्या विषयाची टेस्ट माफ होते.

भारतातली पदवी असेल तर नॅसेसच्या (परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य संस्थेकडून मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून घ्या. ते कोर्सनिहाय हवं. नुसतं ‘ही पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची’ एवढंच सांगणारं डॉक्युमेंट इथे फारसं कामाला येत नाही, कारण कॉलेजला तुम्ही कॅल्क्युलस कधी, किती आणि कोणत्या ग्रेडने केलं ते हवं असतं. त्यावर गणिताची टेस्ट टळण्याची शक्यता बरी असते. इंग्रजीबाबत कॉलेजं जास्त कडक असतात.

तुमची टेस्ट कोणती?

हे न विचारता तयारी करणं म्हणजे पत्ता न घेता निघणं. तुमच्या हाती कॉम्पास नावाच्या टेस्टचं जुनं पुस्तक पडलं तर बाजूला ठेवा. ती टेस्ट २०१६ मध्येच बंद झाली.

सगळ्यात जास्त वापरात आहे ती कॉलेज बोर्डची ॲक्युप्लेसर. तिचे भाग असे: रीडिंगचे २० प्रश्न, रायटिंगचे २५, आणि गणिताच्या तीन पातळ्या, प्रत्येकी २० प्रश्नांच्या. पहिली अंकगणित. दुसरीत रेशो, रेषीय समीकरणं, थोडी संभाव्यता आणि सांख्यिकी. तिसऱ्या पातळीला वर्गसमीकरणं, फंक्शन्स, लॉगरिदम, त्रिकोणमिती. तिन्ही द्याव्या लागतातच असं नाही. गुण २०० ते ३०० या पट्टीवर मिळतात. इथे एक गंमत लक्षात ठेवा. पट्टी २०० पासून सुरू होते, त्यामुळे २३५ म्हणजे ‘तीनशेपैकी दोनशे पस्तीस, अठ्ठ्याहत्तर टक्के’ नव्हे. कटऑफ प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. तो आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

टेक्सासमध्ये टीएसआयए-२ असते. ती जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. गणितात ९५० आणि इंग्रजीत ९४५ अधिक निबंधाला किमान ५ हे तिथले आकडे. त्याहून कमी पडलं तर डायग्नॉस्टिक, म्हणजे कच्चं काय ते शोधणाऱ्या भागाकडे पाहतात. टेस्टच्या आधी ‘प्री-असेसमेंट ॲक्टिव्हिटी’ (टेस्टची ओळख करून देणारं सत्र) पूर्ण करावी लागते. ती नसेल तर सेंटरवर बसूच देत नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात. फ्लोरिडात पर्ट नावाची टेस्ट आहे: प्रत्येक विषयाचे ३० प्रश्न, गुण ५० ते १५०.

फक्त गणितासाठी बरीच कॉलेजं आणि विद्यापीठं अ‍ॅलेक्स पीपीएल वापरतात. प्रश्न जास्तीत जास्त ३०, गुण ० ते १००. यात बहुतेक ठिकाणी पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करावं लागतं. त्यामुळे ‘चारातलं एक उडवून लावू’ हा मार्ग बंद. टेस्टनंतर तुमच्या कच्च्या विषयांवर बेतलेलं प्रॅक्टिस मॉड्यूल मिळतं आणि कॉलेजने परवानगी दिली असेल तेवढ्या वेळा परत देता येते. ही टेस्ट घरून द्यायची असेल तर शेजारी हुशार भाचा बसवू नका. त्याच्या जिवावर कॅल्क्युलसमध्ये बसाल आणि तिसऱ्या आठवड्यात कोर्स सोडायची वेळ येईल.

ॲडॅप्टिव्ह टेस्ट कशी चालते

ॲक्युप्लेसर उत्तरांनुसार आपली पातळी बदलत जाते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. याचे तीन परिणाम पक्के डोक्यात ठेवायला हवेत. एक, प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही आणि मागे येऊन उत्तर बदलता येत नाही. ‘सोपे आधी, अवघड नंतर’ ही आपली शाळेतली सवय इथे चालत नाही. दोन, टेस्ट अवघड वाटायला लागली तर घाबरायचं कारण नाही, बहुधा ते चांगलं लक्षण असतं. तीन, सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांत घाईने केलेली चूक महागात पडते, कारण ती तुम्हाला खालच्या पातळीवर नेते आणि तिथून परत वर चढण्यात प्रश्न खर्ची पडतात.

ॲक्युप्लेसरच्या बहुपर्यायी प्रश्नांना वेळेचं बंधन नाही. म्हणून प्रत्येक उत्तर ‘सबमिट’ करण्याआधी मूळ समीकरणात घालून तपासायची सवय लावा. सरावातही घड्याळ लावू नका. वेगाचा सराव केलात तर घाईच अंगवळणी पडेल.

अगदी सुरुवातीला काही बॅकग्राउंड प्रश्न येतात: शेवटचं गणित कधी केलं, इंग्रजी ही पहिली भाषा आहे का. ही नुसती पाहणी समजून पटापट टिकमार्क करू नका. कॉलेजने तशी सोय लावली असेल तर याच उत्तरांवरून तुम्हाला कोणता भाग द्यायचा ते ठरतं, अगदी ईएसएलची (इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांसाठीची) वेगळी टेस्टही समोर येऊ शकते. खरंच उत्तर द्या, पण त्याचा परिणाम काय होणार हे टेस्टिंग ऑफिसला आधी विचारून ठेवा.

पहिला दिवस: कच्चं काय ते शोधा

कॉलेज बोर्डच्या संकेतस्थळावर ॲक्युप्लेसरचे सराव प्रश्न मोफत आहेत, पीडीएफही आहेत. एका बैठकीत एक विषय सोडवा, कॅल्क्युलेटर न घेता. मग चुकांचे तीन ढीग करा: हे कधी शिकलोच नाही, शिकलो होतो पण विसरलो, आणि येत होतं पण घाईत चुकलं. पहिल्या ढिगाच्या मागे लागण्याचा मोह होतो. पण चार आठवडेच हातात असतील तर गुण दुसऱ्या ढिगात आहेत. लॉगरिदम आयुष्यात कधी केले नसतील तर सध्या सोडून द्या. अपूर्णांक आणि रेषीय समीकरणं पक्की करून मिळणारी पायरी जास्त भरवशाची असते.

समजावून घ्यायला खान अकॅडमीचे व्हिडिओ आणि ओपनस्टॅक्सची प्रीअल्जिब्रा व एलिमेंटरी अल्जिब्राची पुस्तकं पुरेत. दोन्ही मोफत आहेत. व्हिडिओ पाहणं हा सराव नव्हे, हे मात्र सांगायलाच हवं. पाहताना सगळं समजतं. वही उघडली की तिसऱ्या ओळीला गाडी अडते.

गणित: गुण कुठे गळतात

अंकगणितापासून सुरुवात करा, कितीही कमीपणाचं वाटलं तरी. तो भाग हातानेच करायचा आहे असं धरून चाला. वरच्या पातळ्यांवर काही प्रश्नांना पडद्यावर कॅल्क्युलेटर दिसतो, काहींना नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर ॲक्युप्लेसरला नेता येत नाही.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक घ्या: २ पूर्णांक १/३ वजा १ पूर्णांक ३/४. पूर्णांक वेगळे आणि अपूर्णांक वेगळे वजा करायला गेलात की १/३ मधून ३/४ जात नाहीत आणि गोंधळ सुरू होतो. त्यापेक्षा दोन्ही आधी अंशाधिक करा: ७/३ वजा ७/४. छेद १२ केला की २८/१२ वजा २१/१२, उत्तर ७/१२. हा एकच रस्ता कायम ठेवा, प्रत्येक वेळी नवी युक्ती शोधू नका.

क्रियांच्या क्रमाबद्दल आपल्या शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ अजून पाठ असेल. ते थोडं जपून वापरा. त्यात ‘बे’ हे ‘व’च्या आधी येतं, म्हणून कित्येक जण १० − ४ + ३ मध्ये आधी ४ + ३ करतात आणि उत्तर ३ काढतात. बरोबर उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. गुणाकार-भागाकाराचंही तसंच: २४ ÷ ६ × २ म्हणजे ८. अमेरिकेत शिकलेली मुलं ‘पेमडास’ म्हणतात. त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी लिहिलेला असतो, त्यामुळे ती इथे २ काढतात. दोन्ही सूत्रं अर्धवट पाठ केली की सारखाच दगा देतात.

टक्केवारीत उलटे प्रश्न हमखास गाठतात. ‘१५ टक्के सूट दिल्यावर वस्तू ६८ डॉलरला मिळाली, मूळ किंमत किती?’ सवयीने ६८ चे १५ टक्के काढून त्यात मिळवले जातात, ७८.२० येतात, आणि तोच आकडा पर्यायांत ऐटीत बसलेला असतो. पण सूट मूळ किमतीवर होती, ६८ वर नव्हे. मूळ किमतीचे ८५ टक्के म्हणजे ६८, म्हणून ६८ ÷ ०.८५ = ८०. ताळा करा: ८० चे १५ टक्के १२, वजा केले की ६८.

इथे वाढलेल्यांना न जाणवणारी पण आपल्याला नडणारी गोष्ट म्हणजे मापं. १२ इंच म्हणजे १ फूट, ३ फूट म्हणजे १ यार्ड, १६ औंस म्हणजे १ पाउंड, ४ क्वार्ट म्हणजे १ गॅलन, एवढं पाठ असू द्या. आणि क्षेत्रफळात सावध राहा. १२ फूट बाय ९ फूट खोलीला किती चौरस यार्ड कार्पेट लागेल? १०८ चौरस फूट झाले, आता ३ ने नव्हे तर ९ ने भागायचं, कारण एक चौरस यार्ड म्हणजे ३ गुणिले ३ फूट. उत्तर १२. मोठे आकडे वाचतानाही स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी नसतो, तीन-तीन अंकांनी येतो. १,२५०,००० म्हणजे साडेबारा लाख.

बीजगणितात एक्सच्या जागी इथे क्ष घेऊ. हे समीकरण पाहा: ५ − २(क्ष − ३) = १.

कंस सोडवताना वजा दोन दोन्ही पदांना लागतो: ५ − २क्ष + ६ = १. म्हणजे ११ − २क्ष = १, क्ष = ५. आता चुका पाहा. दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहिलं तर ५ − २क्ष − ६ = १ होतं आणि क्ष = −१ येतो. आधी ५ मधून २ वजा केले तर ३(क्ष − ३) = १ होतं आणि उत्तर १०/३ येतं. टेस्ट बनवणाऱ्यांना या चुका ठाऊक असतात आणि चुकीचे पर्याय त्यातूनच तयार होतात. म्हणून ‘माझं उत्तर पर्यायांत आहे’ हा पुरावा धरू नका. मिळालेला क्ष मूळ समीकरणात घाला: ५ − २(५ − ३) = ५ − ४ = १. जुळलं. याला दहा सेकंद लागतात.

असमानतेत ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं: −२क्ष < ६ म्हणजे क्ष > −३. घातांकात −३ चा वर्ग कंसाशिवाय लिहिला असेल तर −९, कंसात असेल तर ९. या दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शाब्दिक उदाहरणांत रेषीय समीकरणांचा भरणा असतो. ‘दुरुस्तीला येण्याचे ४० डॉलर आणि तासाला २५ डॉलर’ असं असलं की ४० हा स्थिर आकडा आणि २५ हा चढ. आलेखावरून चढ काढायला सांगतात तेव्हा उभा फरक भागिले आडवा फरक. (२, ५) आणि (६, १३) या बिंदूंसाठी ८ भागिले ४, म्हणजे २. उलटं भागलं की अर्धा येतो, आणि हो, तोही पर्यायांत असतो. सांख्यिकीत मध्य आणि मध्यक यांतला फरक नीट समजून घ्या. ४, ६, ६, ९, २५ यांचा मध्य १० पण मध्यक ६. एका मोठ्या आकड्याने मध्य कसा ओढला जातो, यावर प्रश्न येतात.

दुसऱ्या पातळीचे प्रश्न सलग दोन दिवस वीसपैकी सोळा-सतरा बरोबर येऊ लागले की मग तिसऱ्या पातळीला हात घाला. तिथे आधी अवयव पाडणं आणि वर्गसमीकरणं, मग फंक्शनची मांडणी, त्रिकोणमिती शेवटी. ज्यांना पुढे इंजिनिअरिंग किंवा सायन्स घ्यायचं आहे त्यांनाच ही मेहनत वसूल होते. नर्सिंग किंवा बिझनेसला जाणाऱ्याने आपल्या डिग्रीला कोणता गणिताचा कोर्स लागतो ते आधी पाहावं. बऱ्याचदा स्टॅटिस्टिक्सने काम भागतं आणि तिसरी पातळी लागतच नाही.

रायटिंग: मराठी कानाला बरोबर वाटणाऱ्या चुका

ॲक्युप्लेसरच्या रायटिंग भागात निबंध लिहायचा नसतो. कच्चे मसुदे देतात आणि त्यातलं एखादं वाक्य सुधारायला, हलवायला किंवा जोडायला सांगतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही इथे आश्चर्याचे धक्के बसतात, कारण चुका मराठीच्या सवयीतून येतात आणि कानाला खटकत नाहीत.

‘बस उशिरा आली, आमची परीक्षा हुकली.’ मराठीत हे वाक्य झकास आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती चूक, तिला कॉमा स्प्लाइस म्हणतात. उपाय तीन: पूर्णविराम, सेमिकोलन, किंवा स्वल्पविरामासोबत ‘सो’, ‘अँड’, ‘बट’ यांपैकी एखादा शब्द. सेमिकोलनची परीक्षा सोपी आहे. तिथे पूर्णविराम ठेवून पाहा. दोन्ही बाजू स्वतंत्र उभ्या राहिल्या तरच सेमिकोलन चालेल.

‘जरी... तरी’च्या सवयीने ‘ऑलदो इट रेन्ड, बट वी वेन्ट’ असं लिहिलं जातं. इंग्रजीला दोन्ही लागत नाहीत, एक काढा. ‘पाच वर्षांपासून राहतोय’चं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. हवं ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘शाळेत जाताना पावसाने मला भिजवलं’ हे आपल्याला पटतं. इंग्रजीत मात्र ‘वॉकिंग टू स्कूल’ने सुरुवात केली की स्वल्पविरामानंतर लगेच चालणारा माणूस यायला हवा, नाहीतर पाऊसच शाळेत निघालेला दिसतो. यावर प्रश्न नेहमी असतो.

कर्ता-क्रियापद जुळवताना मधला भाग बोटाने झाका. ‘द लिस्ट ऑफ बुक्स’ मध्ये क्रियापद यादीचं आहे, पुस्तकांचं नव्हे, म्हणून ‘इज’. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही आपल्या भाषेत नसलेली वस्तू, त्यामुळे ती गळतात. वाचताना नामापुढे काय आहे ते महिनाभर मुद्दाम पाहत राहिलात तर नियमांच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

‘हाऊएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’ यांतला एक निवडायचा असेल तेव्हा पर्याय न बघता आधी दोन्ही वाक्यं वाचा आणि मनात मराठीत जोडा: ‘पण’, ‘म्हणून’ की ‘शिवाय’? मग पर्याय पाहा. चार पर्याय व्याकरणाने ठीक वाटत असतील तर सगळ्यात आटोपशीर वाक्य बहुधा बरोबर असतं.

निबंध असेल तर

ॲक्युप्लेसरचा राइटप्लेसर आणि टीएसआयए-२ चा निबंध, दोन्हींना ३०० ते ६०० शब्द हवेत. राइटप्लेसर १ ते ८ मध्ये तपासतात आणि तपासणी संगणक करतो. पाहिलं जातं ते असं: मुद्दा स्पष्ट आहे का, मांडणीला क्रम आहे का, उदाहरणांनी आधार दिलाय का, वाक्यांत विविधता, व्याकरण आणि विचाराची खोली. तुम्ही कोणती बाजू घेता याला गुण नाहीत. दोन्ही बाजूंना थोडं-थोडं मान देत शेवटी ‘दोन्हींत तथ्य आहे’ असं म्हणणारा निबंध मात्र मुद्दा नसलेला ठरतो.

समजा विषय आला: ‘घरून काम करण्याने लोकांचं भलं होतं का?’ पाच मिनिटं कच्च्या कागदावर द्या. बाजू ठरवा, दोन कारणं आणि प्रत्येकाला एक ठोस उदाहरण लिहा. ‘वेळ वाचतो’ हे कारण झालं. ‘रोज एका बाजूला पन्नास मिनिटं गाडी चालवणारी आई तेवढ्या वेळात मुलाचा गृहपाठ घेऊ शकते’ हे उदाहरण. निबंधांचे गुण बहुतेक वेळा इथेच अडतात. कारणं चार असतात, उदाहरण एकही नसतं. मग पहिल्या परिच्छेदात बाजू, पुढे प्रत्येक कारणाला एक परिच्छेद, एक परिच्छेद समोरच्याचा आक्षेप आणि त्याला उत्तर, आणि दोन-तीन वाक्यांत शेवट. ३५० ते ४५० शब्दांत हे नीट बसतं.

‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ने सुरुवात करू नका. विषयासोबत दिलेल्या उताऱ्यातली वाक्यं उचलू नका. पाठ केलेला निबंध विषयाला जुळवायचा प्रयत्न तर नकोच, विषय सुटलेल्या निबंधाला शून्यही मिळू शकतो. स्पेलचेक मिळणार नाही असं धरूनच सराव करा, साध्या नोटपॅडवर टाइप करून. देवनागरीत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे वाक्याची सुरुवात, ‘आय’ आणि नावं यांत ते राहून जातं. शेवटची पाच मिनिटं फक्त यासाठी ठेवा, आणि तपासताना शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे वाचत या. अर्थाच्या ओघात डोळा चुका ओलांडून जातो, उलट वाचलं की अडखळतो.

रीडिंग

याची तयारी महिन्यात होते ती मर्यादितच. रोज एक इंग्रजी लेख वाचून त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहायचा, एवढं पुरे. बाकी सगळा खेळ पर्याय खोडण्याचा आहे.

उतारा छोटा असेल तर आधी प्रश्न वाचा. समजा उतारा सांगतो की पुलावर सायकलची वेगळी लेन झाल्यावर सायकलने जाणारे वाढले, आणि पावसाळी महिन्यांतही फारसे घटले नाहीत. प्रश्न: यावरून काय अनुमान निघतं? ‘सायकल चालवणं तब्येतीला चांगलं’ हे खरं आहे, पण उताऱ्यात नाही. ‘सगळ्या शहरांनी अशा लेन बांधाव्यात’ हे उताऱ्यापेक्षा मोठं. ‘हवामान हे एकमेव कारण आहे’ हे उलटं. ‘लोक सायकल टाळत होते त्यामागे पावसापेक्षा सुरक्षित रस्त्याचा अभाव हे मोठं कारण असावं’ हा पर्याय थोडा बिचकत बोलतो, आणि म्हणूनच टिकतो. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ असलेल्या पर्यायाकडे संशयाने पाहा. स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवणं हे शिकलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं. ज्या विषयाची तुम्हाला माहिती आहे, तिथेच उत्तर उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून नक्की करा.

शब्दांच्या प्रश्नांसाठी याद्या पाठ करणं फारसं फळत नाही. वाक्यातला तो शब्द झाकून तिथे तुमचा साधा शब्द घाला आणि त्याच्या जवळचा पर्याय निवडा.

टेस्टच्या दिवशी आणि नंतर

फोटो ओळखपत्र आणि कॉलेजचा स्टुडंट आयडी क्रमांक लागतो. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव एक आहे का, हे आठवडाभर आधी पाहा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि अर्जात नसतं, यावरून दारातच अडवलं जाऊ शकतं. टेस्टला वेळेची मर्यादा नसली तरी सेंटरला बंद व्हायची वेळ असते, म्हणून सकाळची वेळ घ्या. गणित आणि इंग्रजी वेगवेगळ्या दिवशी देता येतं का, ते विचारा. तिन्ही विषय आणि निबंध एका दमात केले तर शेवटच्या भागात डोकं चालत नाही. कच्चा कागद सेंटरवर मिळतो. घरून कॅमेऱ्यासमोर देत असाल तर कागद चालतो का, ते आधी नक्की करा. दृष्टी किंवा इतर अडचणीमुळे सोय हवी असेल तर डिसॅबिलिटी ऑफिसकडे काही आठवडे आधी अर्ज करावा लागतो, त्या दिवशी सांगून होत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांचा निकाल लगेच हातात पडतो. कटऑफच्या दोन-चार गुणांनी खाली असाल तर तिथेच कोर्सला नाव नोंदवू नका. ॲडव्हायजरला तीन गोष्टी विचारा: पुन्हा टेस्ट देता येईल का आणि किती दिवसांनी, हायस्कूलचे किंवा भारतातले मार्क जोडून पायरी वर जाईल का, आणि ‘कोरिक्विझिट’ आहे का. कोरिक्विझिट म्हणजे कॉलेज पातळीचाच कोर्स, सोबत मदतीचा जादा तास. त्यात सेमिस्टर वाया जात नाही, त्यामुळे काठावर असलेल्याने आधी तोच मागावा. पुन्हा द्यायची ठरली तर रिपोर्टमधला सगळ्यात कमी पडलेला उपविषय घेऊन दोन आठवडे फक्त त्यावर बसा. काहीच न करता पुढच्या आठवड्यात परत दिलेल्या टेस्टचे गुण साधारण तेवढेच येतात, आणि एक संधी खर्च झालेली असते.